स्प्रेने टाचलेली गोधडी पुन्हा पुन्हा सुटते, पाठीला चुण्या पडतात: काय चुकतं आणि काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. रात्री गोंदाचा स्प्रे मारून गोधडीचे तीन थर, म्हणजे वरचं कापड, मधलं वॅडिंग (मऊ भरण, यालाच बॅटिंगही म्हणतात) आणि खालचं अस्तर, एकावर एक बसवले, हात फिरवला, सगळं छान चापून बसलं. सकाळी उचलायला गेलं तर एका कडेचं अस्तर वीतभर मोकळं लोंबतंय. तशीच दामटून मशीनवर घेतली, शिवून झाल्यावर उलटी करून पाहिली, आणि पाठीवर मधोमध दोन-तीन चुण्या टाक्यांखाली पक्क्या दाबल्या गेलेल्या. वरची बाजू मात्र सुरेख. मग उसवा.

मी डोंबिवलीत राहते. हॉल दहा बाय चौदाचा. सोफा भिंतीला सरकवला की जेमतेम एक डबल बेडची गोधडी पसरते. मी बाळांची दुपटी आणि मोठ्या गोधड्या ऑर्डरने शिवते. एका पावसाळ्यात ओळीने चार गोधड्या अशाच सुटल्या, तेव्हा कॅनला दोष देऊन दुसरा कॅन आणला. तीच गत. शेवटी एकाच कापडाचे वीतभर चौकोन कापून, एकाच कॅनने, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या तऱ्हेने टाचून पाहिले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. मला पटलेली गोष्ट आधीच सांगते: दहातल्या आठ वेळा दोष स्प्रेचा नसतो. दोष हवेतल्या ओलीचा असतो, किंवा अस्तर जमिनीवर ताणून लावण्याचा. बाकीची कारणं आहेत, पण ती यांच्यामागून.

आधी सुटलेला कोपरा नीट बघा

काहीही बदलण्याआधी सुटलेला कोपरा उजेडात धरा आणि हळूच आणखी दोन बोटं सोलून पाहा. गोंद कुठे राहिलाय ते बघायचं आहे.

आतल्या वॅडिंगवर बोट लावलं तर चिकट लागतंय आणि कापडाची आतली बाजू कोरी, गुळगुळीत आहे, म्हणजे कापडाने गोंद धरलाच नाही. कापड दमट होतं, किंवा त्यात खळ होती, किंवा कपडे मऊ करायचं लिक्विड होतं. कापडाला वॅडिंगची लव चिकटून आली आणि वॅडिंगच मधून फाटल्यासारखं उकललं, तर गोंदाने आपलं काम केलंय. वॅडिंग कच्चं आहे. जाड, फुगीर पॉलिस्टरचं वॅडिंग असं हमखास उकलतं. आणि सोलताना जिलबीच्या पाकासारख्या बारीक तारा निघाल्या, बोटाला ओलं लागलं, तर गोंद जास्त झाला आणि सुकायच्या आत थर बसवले गेले.

या तिन्ही तक्रारींवर लोक एकच उपाय करतात: अजून स्प्रे मारतात. तिसऱ्या प्रकारात तर त्याने जास्तच बिघडतं.

पावसाळ्यातली ओल

स्प्रे मारून झाल्यावर कॅन हातात गार लागतो हे सगळ्यांनी अनुभवलं असेल. आत दाबाखाली द्रवरूपात असलेला वायू बाहेर पडताना उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूने ओढून घेतो. गोंद ज्यात विरघळवलेला असतो ते द्रावणही उडून जाताना तेच करतं. म्हणजे फवारा जिथे पडतो तो वॅडिंगचा पृष्ठभागही काही क्षण गार होतो.

उन्हाळ्यात, हिवाळ्यात याने काही बिघडत नाही. जानेवारीत दुपारी हवा २८ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असेल, तर दव धरायला पृष्ठभाग जवळपास १५ अंशांपर्यंत उतरावा लागतो. तेवढा तो उतरत नाही. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की हाच आकडा २५ अंशांवर येतो. दोन अंश गार झालं की पुरे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा गोंदाच्या प्रत्येक थेंबाला पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो आणि वर ठेवलेलं कापड गोंदाला नाही, त्या पाण्याला टेकतं. हाताने दाबलं की तात्पुरतं बसतं. रात्रभरात पाणी उडून जातं, तोवर गोंदही सुकलेला असतो, आणि दोघांमध्ये काहीच उरत नाही.

माझ्या चौकोनांत हे अगदी डोळ्यांसमोर दिसलं. काळ्या सुती कापडावर जुलैच्या संध्याकाळी मारलेला फवारा अर्ध्या मिनिटात पांढुरका, धुकट दिसायला लागला. खिडकीच्या काचेवर श्वास सोडावा तसा. बोट फिरवलं तर चिकटपणा नाही, नुसता गार ओलावा. तोच कॅन, तेच कापड, जानेवारीत दुपारी, आणि फवारा पारदर्शकच राहिला. बोट उचलताना कापड बोटाबरोबर वर आलं.

यावर जे उपयोगी पडतं ते असं. कापड आणि सुती बॅटिंग टाचायच्या थोडंच आधी कोरड्या इस्त्रीने शेकून घ्यायचं. वाफेची इस्त्री नको, ती ओल पुन्हा भरते. पॉलिस्टर वॅडिंगला इस्त्री लावायची नाही, ते आक्रसतं. ते पंख्याखाली मोकळं टाकून ठेवायचं. घरात एसी असेल तर खोली बंद करून तास-दीड तास ‘ड्राय’वर चालवा. मग एसी बंद, इस्त्री बंद आणि खोलीबाहेर, खिडकी उघडा, आणि लगेच कामाला लागा. कापड हाताला कोमट लागतंय तोवर त्यावर दव धरत नाही. गरम मात्र नको. हे द्रावण पेट घेणारं असतं, त्याचं पुढे लिहिलंय.

एसी नसेल, तर पावसाने उघडीप दिलेली दुपार निवडा. संध्याकाळी, पाऊस कोसळत असताना, ओले कपडे घरातल्या दोरीवर वाळत असताना स्प्रे करू नका. आठवडाभर उघडीपच नसेल आणि बारशाची तारीख डोक्यावर आली असेल, तर सरळ सुईदोरा घ्या आणि कच्चा टाका घाला. जुलै-ऑगस्टमध्ये मी आता तेच करते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मैत्रिणींनी तर पावसाळ्यात स्प्रेचा नाद सोडलेलाच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. कच्च्या टाक्याला दोन तास जास्त लागतात, पण उसवायला लागणारा अख्खा दिवस वाचतो.

अस्तर ताणू नका

पाठीवरच्या चुण्यांचं सर्वांत मोठं कारण हे, आणि ते बहुतेकींना खरं वाटत नाही, कारण शिकवताना ‘अस्तर घट्ट ताणून चिकटपट्टीने लावा’ असंच सांगतात.

होतं काय ते पाहा. अस्तर फरशीवर उलटं पसरलं, चारही बाजूंनी ओढून पट्ट्या लावल्या. आता ते कापड रबरासारखं ताणलेलं आहे. त्यावर वॅडिंग चिकटवलं, त्यावर वरचा थर. हे दोन्ही सैल, नैसर्गिक अवस्थेत आहेत. मग पट्ट्या काढल्या. त्याच क्षणी अस्तर आपल्या मूळ मापाला परत जायला बघतं, आणि जाताना वरच्या दोन थरांना आत ओढतं. स्प्रे नीट बसला असेल तर गोधडीच्या कडा किंचित अस्तराच्या बाजूला वळतात. नीट बसला नसेल तर अस्तर सुटून मोकळं होतं आणि ती ढिलाई मशीनच्या पायाखाली चुणी होऊन दाबली जाते.

कापड गादीवर घातलेल्या चादरीइतकं सपाट हवं, ढोलकीच्या पानासारखं नको. मी असं करते: इस्त्री केलेलं अस्तर फरशीवर टाकून तळहाताने मधून बाहेर सारवत नेते. एका बाजूच्या मधोमध पट्टी, मग समोरच्या बाजूच्या मधोमध, मग उरलेल्या दोन बाजू, आणि कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्यात ओढायचा मोह होतो, आणि नेमकं तिथेच कापड तिरकं असल्यामुळे जास्त ताणलं जातं. झाल्यावर एक परीक्षा: एका बाजूच्या पट्ट्या सोडा. कापड जागच्या जागी पडून राहिलं तर ठीक. अर्धा सेंटीमीटर जरी आत सरकलं, तरी सगळ्या पट्ट्या काढून पुन्हा लावा.

अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठं ठेवा. कडेला गोंद नेहमी कमी पडतो, कारण आपण कडेबाहेर फवारा जाऊ नये म्हणून हात आवरता घेतो.

जुनी साडी अस्तराला लावत असाल तर काठाकडे लक्ष द्या. काठाची वीण दाट, अंगाची वीण पातळ, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्यात दोन्ही सारखे आटलेले नसतात. काठ सरळ केला की अंगात झोळ येतो, अंग सरळ केलं की काठाला लाटा येतात. यावर कुठलाही गोंद चालत नाही. काठ कापून वेगळा काढा आणि हवा असेल तर वरून पट्टी म्हणून लावा.

फवारा कुठे, किती, कसा

सुती बॅटिंग असेल तर फवारा बॅटिंगवर मारते, कापडावर नाही. बॅटिंग जास्तीचा गोंद पोटात घेतं. पातळ कापडावर मारला तर आरपार डाग दिसतो, विशेषतः मलमल आणि व्हॉइलवर. फुगीर पॉलिस्टर वॅडिंगला उलट करते. त्याच्या वरच्या लवेवर पडलेला गोंद लवेसकट उकलून येतो, म्हणून कापडाच्या उलट्या बाजूला अगदी हलका फवारा, आणि शिवाय दर वीतभर अंतरावर एक सेफ्टी पिन. असलं वॅडिंग नुसत्या स्प्रेवर सोडू नये.

कॅन २५ ते ३० सेंटीमीटर लांब धरायचा, म्हणजे फूटभर. जवळून मारला की रुपयाएवढे ओले डाग पडतात. हात न थांबवता सरकत राहिला पाहिजे, अंगणात सडा घालताना फिरतो तसा. अख्खी गोधडी एकदम फवारू नका. वॅडिंग अस्तरावर ठेवून अर्ध्यापर्यंत गुंडाळी करा. पडद्याचा रॉड किंवा प्लंबरकडचा प्लॅस्टिकचा पाइप यासाठी उत्तम. दीड फुटाचा पट्टा फवारायचा, मिनिटभर थांबायचं, मग गुंडाळी पुढे लोटत तळहाताने बसवत जायचं. ते एक मिनिट महत्त्वाचं. त्यात वायू आणि द्रावण उडून जातं. ओल्यावरच थर ठेवला तर ते आत अडकतं आणि गोंद कापडातून वर झिरपतो. मध्यापासून एका टोकाला पोचलं की दुसरं अर्धं. मग तसंच वरच्या थराचं.

किती लागतो याचा अंदाज येत नसेल तर कॅन आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. माझी चाळीस बाय साठ इंचाची गोधडी दोन्ही बाजू मिळून ६० ग्रॅमच्या आसपास घेते. तुमचा आकडा वेगळा येईल, पण एकदा तो कळला की पुढच्या वेळी हात आपोआप आवरतो. गोंद जास्त म्हणजे पकड जास्त, हे इथे खरं नाही.

कापडाची तयारीही सांगून टाकते: नवं असो की जुनं, धुतलेलं हवं. नव्या कापडातली खळ आणि जुन्या कपड्यातलं सुगंधी मऊपणाचं लिक्विड, दोन्हींवर गोंद घसरतो. शेवटच्या धुण्यात नुसतं साबण-पाणी वापरा. आणि वॅडिंग पॅकेटमधून काढल्या काढल्या वापरू नका. घड्यांचे उंचवटे गोंदाने दबत नाहीत, एक दिवस पसरून ठेवा.

कॅनच चुकीचा असेल तर

हार्डवेअरच्या दुकानात ‘स्प्रे गोंद’ मागितला की सोफ्याच्या फोमला रेक्झिन चिकटवायचा कॅन हातात देतात. तो कायमचा गोंद असतो. वाळला की कडक होतो, काही दिवसांनी पिवळा पडतो, आणि धुण्यात निघत नाही. एका बाईंनी माझ्याकडे दुरुस्तीला आणलेल्या दुपट्याला पापडासारखे कडक चट्टे होते. त्याचं काहीच करता आलं नाही. कॅनवर ‘टेम्पररी’, ‘कापडासाठी’, ‘उचलून पुन्हा बसवता येणारा’ अशा अर्थाचे शब्द आहेत का ते वाचून घ्या. क्विल्टिंग करणाऱ्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त ५०५ हे नाव असतं, ते फ्रान्सच्या ओडिफ कंपनीचं. भरतकामाच्या सामानाच्या दुकानातही टेम्पररी कॅन मिळतात, कारण मशीन एम्ब्रॉयडरीवाले कापडाखालचा कागद त्यानेच धरून ठेवतात.

अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या भावाला किंवा मुलीला मात्र बॅगेत कॅन आणायला सांगू नका. असे ज्वलनशील स्प्रे विमानाच्या सामानात नेता येत नाहीत, हातातल्याही नाही आणि खाली दिलेल्याही नाही.

सुई चिकटते, दोरा तुटतो, टाके सुटतात

टाचण पक्कं आहे, पण मशीनवर बसलं की टक्, टक् आवाज येतो, चार टाक्यांनी एक टाका गळतो, आणि दोरा विस्कटून तुटतो. मशीन थांबवून सुई वर घ्या आणि नाकाजवळ नीट बघा. करड्या रंगाचा, मोहरीपेक्षाही बारीक मणी दिसेल: गोंद आणि कापसाची लव मिळून झालेला. तो दोऱ्याला नाकातून सुटू देत नाही, त्यामुळे खाली फासा बनत नाही.

कारण जवळपास नेहमी घाई असतं. टाचल्यावर निदान तासभर, दमट दिवशी रात्रभर, गोधडी सपाट पडू द्या. तरी मणी जमलाच तर मशीनचा प्लग काढून स्पिरिटच्या बोळ्याने सुई पुसा, वाळू द्या, पुढे जा. सुई बदलायची असेल तर तीन थरांना ९०/१४ घ्या. १६ नंबरची जाड सुई घेऊन जोर लावायची सवय असते. त्याने भोकं मोठी पडतात आणि लव वर येते.

चुण्यांचा मशीनशीही संबंध आहे. खालचे दाते अस्तर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरच्या थराला मागे रेटतो. गोंद ही ओढाताण थोडी सोसतो, पूर्ण नाही. वॉकिंग फूट (मशीनला लावायचा खास पाय) लावला की वरचा थरही खालच्याबरोबर चालतो. मोठ्या गोधडीला तो घ्याच. जुन्या काळ्या पायमशीनवर काम असेल तर पायाच्या दांड्याच्या माथ्यावर जो स्क्रू असतो, तो पायाचा दाब ठरवतो. तो दोन-तीन आटे सैल करा. सुती परकर शिवायला जो दाब बरोबर असतो, तो तीन थरांना जास्त होतो. टाका मोठा ठेवा, तीन ते साडेतीन मिलिमीटर.

पहिले दोन टाके गोधडीच्या मध्यातून, एक उभा आणि एक आडवा, मग प्रत्येक पाव भाग आतून बाहेर. गोधडीचं ओझं टेबलाखाली लोंबू देऊ नका. लोंबणारं वजन दर टाक्याला सुईपासून कापड ओढत राहतं आणि टाचण तिथेच सुटतं. डावीकडे एक खुर्ची लावा, तिच्यावर गोधडी विसावू द्या.

हातशिलाईच्या गोधडीला स्प्रे नको

हे विचारणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, म्हणून वेगळं लिहिते. आजीच्या नऊवारींची, पाच-सहा पदरांची गोधडी हाताने घालायची असेल तर स्प्रेच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक दोन पदरांमध्ये गोंद द्यावा लागतो, मऊ लुगड्याची ती मऊ घडी जाते, आणि सुई प्रत्येक टाक्याला अडकत निघते. तासाभरात अंगठा दुखायला लागतो. धावदोरा भरभर चालायला सुई सुळकन निघाली पाहिजे.

मुळात त्या पद्धतीत ही चुण्यांची अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवलेली असते. माझी मावशी चारही कडा कच्च्या टाक्याने धरायची आणि मग बाहेरून आत, चौकोनात चौकोन असे टाके घालत जायची. कडा आधी बांधलेल्या, त्यामुळे सरकायला जागाच नाही. मधली जी काही ढिलाई असेल ती एकेका टाक्यात थोडी थोडी मुरते. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हळियाळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, अशीच कडेपासून आत शिवतात आणि कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. मशीनवर ‘मधून बाहेर’ हा नियम बरोबर, कारण मशीन कापड ढकलतं. हाताच्या टाक्यात ढकलणं नाही. दोन पद्धती एकमेकींत मिसळू नका.

जाळ आणि श्वास

हा भाग वगळू नका. या कॅनमध्ये बहुतेक वेळा प्रोपेन, ब्युटेन यांसारखे वायू असतात, म्हणजे आपल्या गॅस सिलिंडरमधलेच. ते हवेपेक्षा जड असतात, खाली बसतात आणि जमिनीलगत पसरतात. आणि आपण काम करतो जमिनीवर. त्यामुळे ओट्यावरची शेगडी तर बंद हवीच, पण खाली काय पेटलेलं आहे ते आधी बघा: देवापुढची समई, निरांजन, कोपऱ्यातली डासांची कॉइल, ऊद. संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी स्प्रे हातात घेत नाही. फवारताना इस्त्री, हीटर काही चालू नको, आणि वायू जाईपर्यंत बटणं चालू-बंद करू नका.

खिडक्या सताड उघड्या, पण डोक्यावरचा पंखा बंद. पंख्याने तुषार खोलीभर उडतात, पात्यांना चिकटतात, आणि मग त्या पात्यांवर बसलेली धूळ काही केल्या निघत नाही. फवारणी संपल्यावर अर्धा तास खोली मोकळी सोडा. कापडी मास्कने तुषार थोडे अडतात, वाफ अडत नाही. त्यासाठी रंगकाम करणारे लावतात तसा कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो. दम्याचं माणूस, तान्हं बाळ, गरोदर बाई, पिंजऱ्यातले पोपट-लव्हबर्ड, हे त्या वेळी घरात दुसऱ्या खोलीत दार लावून किंवा शेजारी असू देत. बाळाचं दुपटं असेल तर शिवून झाल्यावर दोनदा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगावर घालायचं नाही. मी ते गिऱ्हाइकावर सोपवत नाही, धुऊन, उन्हात वाळवूनच देते.

कॅन ५० अंशांवर तापला तर फुटू शकतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे गच्चीवर किंवा उभ्या गाडीत तो पारा सहज चढतो. कॅन घरात, सावलीच्या कपाटात ठेवा, गॅसजवळच्या मांडणीत नको. रिकामा झाला तरी भोक पाडू नका, आणि पालापाचोळ्याबरोबर जाळायला टाकू नका; इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या.

किरकोळ, पण रोजचं

नोझल तुंबतं, कारण काम झाल्यावर त्यात गोंद तसाच राहतो. कॅन उलटा धरून नुसता वायू बाहेर येईपर्यंत दोन सेकंद दाबा, मग स्पिरिटच्या बोळ्याने तोंड पुसा. टाचणीने कोरू नका, भोक वाकडं होतं आणि फवारा एका बाजूला उडतो.

फरशी चिकट झाली तर आधी कोमट साबण-पाणी, मग राहिलं तर स्पिरिट. पॉलिश केलेल्या लाकडावर स्पिरिट नको. त्यापेक्षा आधीच जुन्या चादरी कडेपासून दोन फूट बाहेरपर्यंत अंथरा. वर्तमानपत्र नको, पांढऱ्या अस्तरावर त्याची शाई उतरते, मी पाहिलंय.

रेशीम, जर, पैठणीचा तुकडा यांवर आधी चिंधीवर करून, दोन दिवस ठेवून, मगच. आणि टाचलेल्या गोधडीवर कडक इस्त्री फिरवू नका. काही गोंद उष्णतेने पक्के होतात आणि मग धुण्यात निघत नाहीत. टाचून महिनाभर कपाटात ठेवून मग शिवायला घेतली तर पकड गेलेली असेल, हेही धरून चाला. आठवड्यात शिवायला जमणार असेल तरच स्प्रे, नाहीतर दोरा.

चुणी आधीच पडली असेल तर

अख्खी गोधडी उसवायला बसू नका. चुणीच्या दोन्ही बाजूंचे सात-आठ इंच टाके पाठीकडून उसवा. तेवढ्या भागात अस्तर वॅडिंगपासून हलकेच सोला. सोलवत नसेल तर ओल्या फडक्याने वरून थोडं दमट करा. मग ढिलाई जवळच्या कडेकडे तळहाताने सारत न्या. चुणी कडेपासून हातभर आत असेल, तर ती एका ठिकाणी संपणार नाही. दोन-तीन ओळींत वाटून द्यावी लागते, त्यासाठी शेजारच्या ओळीचेही थोडे टाके उसवावे लागतात. पुन्हा स्प्रे मारू नका, एवढ्या छोट्या फटीत तो डागच पाडतो. दर दोन बोटांवर कच्चा टाका घाला, वॉकिंग फूट लावा, आणि जुन्या भोकांवरूनच हळू शिवून घ्या.

उरलेली भोकं पाणी शिंपडून नखाने आडवी-उभी घासली की जुन्या सुती कापडावर पहिल्या धुण्यात मिटतात. दाट विणीच्या नव्या पॉपलिनवर ती दोन-तीन धुण्यांपर्यंत दिसत राहतात.